सहाव्या हौदाचं शेवाळ

१

चोरी झाली की वस्तू जागेवरून नाहीशी होते. आमच्याकडे उलटीच तऱ्हा. जे नाहीसं व्हायला हवं होतं ते पाच आठवडे जागचं हललं नव्हतं, आणि त्यावरून एका सरळ बाईला खोटारडी ठरवायला माणसं निघाली होती.

मी त्या केंद्राचा ड्रायव्हर. मला तिथे सगळे 'हॉर्न' म्हणतात, कारण गाडी उभी असली तरी माझा आवाज चालू असतो. म्हणोत बापडे.

केंद्राच्या मागे एक मोठा तलाव आहे. सव्वीस वर्षांपूर्वी वरच्या अंगाच्या अणुकारखान्यातून त्यात गळती झाली. पाणी दिसायला अगदी नितळ, पण त्यात सीझियम नावाचं किरणोत्सर्गी विष विरघळलेलं. काठावरची वस्ती एका दुपारी उठवली ती उठवलीच. पुढे पंधरा वर्षं नुसत्या पाट्या लागत होत्या आणि गंजत होत्या. मग डॉक्टरबाई आल्या. औषधाच्या डॉक्टर नव्हेत, शेवाळाच्या. त्यांनी तलावाचं पाणी हौदांत घेतलं आणि त्यात शेवाळ सोडलं. ते शेवाळ पाण्यातलं विष स्वतःच्या अंगात ओढून घेतं. आठ दिवसांनी ते जाळीने काढायचं, वाळवायचं, दाबून जाड पिंपात बंद करायचं आणि निवळलेलं पाणी तलावात परत सोडायचं. मग पुन्हा नवं पाणी, पुन्हा नवं शेवाळ. अकरा वर्षं हेच चाललंय. बाई त्या शेवाळाला मोठ्या कडक पथ्यावर ठेवायच्या, त्यावर मी कॅन्टीनमध्ये पुष्कळ विनोद केलेत. का ठेवायच्या, ते विचारायचं मात्र मला कधी सुचलं नाही.

मी बाईंचा ऋणी आहे, हे आधीच सांगून टाकतो. तापट डोक्यापायी माझ्या तीन नोकऱ्या गेल्या. इथे तर मी मुलाखतीतच भांडलो. बाई म्हणाल्या, "भांडा, पण गाडी वेळेवर काढा." नऊ वर्षं झाली त्याला. माझी मुलं त्या पगारावर शिकली. तेव्हा त्या सोमवारी त्यांच्या टेबलावर ते पत्र पाहिलं तेव्हा माझं डोकं असं फिरलं की विचारू नका.

पत्र वरच्या समितीचं होतं. पाच आठवडे पाण्यातलं विष काडीचंही कमी झालेलं नाही. त्या अर्थी आधीचे अकरा वर्षांचे आकडेही बनावट असावेत. गुरुवारी समिती येईल. तोवर समाधानकारक खुलासा न मिळाल्यास हौद मातीने बुजवले जातील आणि डॉक्टरबाईंना पदावरून दूर केलं जाईल.

"बाई, हे कुणाचं तरी काम आहे," मी ओरडलो.

"नाही हो," त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. "माझंच बियाणं बिघडलंय. तुम्ही स्टेशनवर जा. त्यांनी एक तपासनीस पाठवली आहे, तिला घेऊन या."

२

तपासनीस म्हणजे साठीची, काटक, कमी बोलणारी बाई. हातात एक पिशवी आणि एक घडीचं स्टूल. गुडघे दुखायचे म्हणून जाईल तिथे स्टूल उघडून बसायची.

"तुम्हाला काय म्हणतात?" गाडीत बसताच तिने विचारलं.

"हॉर्न."

"मग वाजवा. काय काय झालं ते सांगा."

तासभर मी बोललो, तिने एकदाही अडवलं नाही. बायकोलासुद्धा हे जमलेलं नाही.

हौद सहा आहेत. पाच जमिनीलगत, एका ओळीत. सहावा उंचावर, टाकीसारखा, लोखंडी शिडी चढून जावं लागतं. त्यात बियाण्याचा साठा. त्यातलं थोडं शेवाळ काढून खालच्या पाचांत सोडायचं, की ते वाढतं.

तपासनीस पहिल्या हौदापाशी थांबली. "काय गर्द हिरवं आहे हो!"

"आहेच!" मी घरचं असल्यासारखं सांगितलं. "यंदा बहर आहे. आधी मेलं पिवळट, मरतुकडं असायचं."

"आधी म्हणजे कधी?"

"झाला असेल महिना. वर थोडे दिवस."

तिने तिथेच स्टूल उघडलं आणि बसली. त्याच वेळी धुलाईघराची आत्या आपली टोपली घेऊन आली. आत्या म्हणजे आम्हा सगळ्यांचीच आत्या. वय सदुसष्ट, तोंडात शब्द मोजून चार. हौदाजवळच्या खुंट्यांवरचे मळके कोट रोज सकाळी न्यायचे, भट्टीवर उकळून धुवायचे आणि इस्त्री करून संध्याकाळी परत टांगायचे, हे तिचं काम. ती तलावाकाठच्या वस्तीतली. तिचं घर पहिल्या ओळीत चौथं होतं, आमच्या गच्चीवरून छप्पर दिसतं. तिने तपासनीसीकडे पाहून मान लववली आणि कोट काढायला गेली.

"वर कोण चढतं?" तपासनीस शिडीकडे बघत म्हणाली.

"डॉक्टरबाई. मोजणीची मुलगी. कधी मी."

"माझे गुडघे नाही म्हणतायत. तुम्ही जा आणि बाटलीभर शेवाळ आणा."

मी आणलं. तिने दुसऱ्या बाटलीत खालचं भरून घेतलं आणि दोन्ही उजेडात धरल्या. वरचं फिक्कट, पिवळसर. खालचं हिरवंगार.

"एकाच आईची लेकरं ना ही?"

"हो तर!"

"मग एकाला कावीळ आणि एकाला बाळसं, हे कसं काय?"

३

डॉक्टरबाईंकडे उत्तर तयार होतं. "वाण बिघडला की रंग बदलतो. दोनदा आठ दिवस व्हायच्या आतच सगळं काढून वरचं ताजं बियाणं सोडलं. दोन-तीन दिवस बरं दिसतं आणि मग तेही बिघडतं. तलावाच्या पाण्यात खनिजं नाममात्र आहेत, तेच आमचं बळ. आत येणारं पाणी मी रोज तपासते, बाहेर जाणारंही. त्यात बदल नाही. म्हणजे दोष पाण्याचा नाही, शेवाळाचा. म्हणजे माझा."

"आणि आधीचे आकडे?"

"खरे आहेत," बाई म्हणाल्या. "पण आता माझ्या म्हणण्याला कोण विचारतंय?"

मग तपासनीसीने मोजणीच्या मुलीला बोलावलं. हिला आम्ही 'दशांश' म्हणतो, कारण तिला किती वाजले विचारलं तरी ती सेकंद सांगते. मापन-वही उघडली तर पाच आठवड्यांपूर्वीचं एक पान फाडलेलं.

"कुणी फाडलं?"

दशांशच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मी. आदल्या दिवशी यंत्र माझ्या हातून पडलं होतं. दुसऱ्या दिवशी आकडा चुकीचा आला, मला वाटलं यंत्रच फुटलं. घाबरून पान फाडलं. मग रोज तसाच आकडा यायला लागला. बाईंना सांगायचं धाडस झालं नाही. त्यांनी मला शिकवलं, उभं केलं, आणि मी..."

"अगं ए, रडू नकोस," मी म्हणालो. मला रडणारी माणसं बघवत नाहीत, मलाच रडू येतं.

"यंत्र ठीक असेल," तपासनीस शांतपणे म्हणाली. "ते पडलं हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. पण यंत्र ठीक आहे की नाही हे एक जण सांगू शकेल." तिने नाक पुसलं आणि आवाज खाली आणला. "गाळणीसाहेब. ते रोज सकाळी कुणी यायच्या आत हौदांतून बाटल्या भरताना मी पाहिलेत. प्रत्येक हौदातून एक. आणि खिशात लपवून नेतात."

गाळणीसाहेब! मी ताडकन उठलो. तपासनीसीने माझी बाही धरून मला खाली बसवलं.

४

गाळणीसाहेब आमचे अभियंते. विष गाळायचं एक मोठं यंत्र त्यांनी बनवलं होतं. समितीने ते नाकारून शेवाळ निवडलं, तेव्हापासून यंत्र शेडमध्ये पडून आहे आणि साहेब कोपऱ्यातल्या खोलीत. पंप-नळ सांभाळतात, कुणाशी बोलत नाहीत. हौद बुजले तर त्यांच्या यंत्राचं नशीब उघडणार, हे उघड होतं. माझ्या मते तपास संपलाच होता.

"बाटल्या भरता?" तपासनीसीने स्टूल मांडून सरळ विचारलं.

"भरतो." साहेबांनी नजरही हलवली नाही. "सात वर्षं भरतोय."

"कशासाठी?"

"तिला पकडायला. शेवाळाने विष जातं यावर माझा विश्वास नव्हता. म्हटलं, आकडे बनवत असणार. स्वतःच्या यंत्रावर रोज मोजायला लागलो."

"मग पकडलंत?"

"नाही," साहेब म्हणाले. "आकडे खरे होते. सात वर्षांत एकदाही खोटा आकडा सापडला नाही."

"अहो मग समितीला सांगितलं का नाहीत?" मी किंचाळलो.

"मला कुणी विचारलं नाही."

"मी विचारतेय," तपासनीस म्हणाली.

त्यांनी कपाट उघडून सात वह्या काढल्या आणि तिच्यासमोर ठेवल्या. दहा मिनिटांपूर्वी मला त्या माणसाच्या थोबाडीत मारायची होती. आता वाटलं, याला मिठी मारावी. दोन्ही आवरलं.

बनावट आकड्यांचा आरोप तिथेच मोडला. पण शेवाळ आज काम करत नाही हे तर खरंच होतं, आणि तेवढ्यावरही हौद बुजवता येत होते. तपासनीस शेवटची वही चाळत होती. एका पानावर तिचं बोट थांबलं.

"दशांश पाचही हौदांचं एकत्र पाणी मोजते. तुम्ही वेगवेगळं मोजलंत. हे बघा. पहिला हौद मंगळवारी बिघडला. दुसरा बुधवारी. तिसरा गुरुवारी. चौथा शुक्रवारी, पाचवा शनिवारी."

"हो. मलाही नवल वाटलं होतं."

"रोग असा शिस्तीत, रांगेत चालत नाही," ती म्हणाली. "माणूस चालतो. एका खेपेला एका हौदापुरतंच ओझं उचलवणारा माणूस. आणि शिडी न चढू शकणारा."

ती माझ्याकडे बघत होती की काय, कुणास ठाऊक. मी उगीच गुडघे चाचपले.

५

मंगळवारी सकाळी तपासनीस माझ्या अंगणात आली. मी घराशेजारी भाजी लावतो. घेवड्याचे वेल कसनुसे झाले होते. पानांच्या कडा पिवळ्या, करपलेल्या.

"काय झालं यांना?"

"उपासमार!" मी तडकलो. "राख मिळत नाही. दरवर्षी आत्या धुलाईघराच्या भट्टीची राख देते, ती टाकली की घेवडा कसा तरारतो. यंदा महिनाभर देत नाही. म्हणते, संपली. आता सांगा, भट्टी रोज पेटते, तर राख संपेल कशी?"

तपासनीस माझ्याकडे पाहतच राहिली. "तुम्ही काय बोललात ते ऐकलंत?"

"मी नुसता बोलतो. ऐकणं दुसऱ्यांनी करायचं."

ती दशांशच्या खोलीकडे निघाली, दुखऱ्या गुडघ्यांनीसुद्धा इतक्या झपाट्याने की मला मागे पळावं लागलं. दारातूनच तिने विचारलं, "पोरी, लाकडाच्या राखेत झाडाला पोसणारं काय असतं?"

"पोटॅश," दशांश म्हणाली. "म्हणजे पोटॅशियम..." आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

मग तिने भडाभडा सांगितलं ते मला कळलं तेवढं असं. शेवाळाला पोटॅशियम लागतं. सीझियम त्याच्याच जातकुळीचं, शेवाळाला दोघांतला फरक नीट कळत नाही. आपल्या तलावात पोटॅशियम जवळजवळ नाही, म्हणून भुकेलं शेवाळ त्याऐवजी सीझियम गिळतं. त्याला उपाशी ठेवण्यातच सगळी किमया. पोटभर पोटॅश दिलं की ते हिरवंगार होतं आणि विषाकडे ढुंकूनही बघत नाही. येणारं पाणी बाई तपासतात, पण राख थेट हौदात पडत होती. आणि शेवाळ ती इतक्या लवकर गिळून टाकायचं की बाहेर जाणाऱ्या पाण्यात काही सापडायचं नाही.

"पाणी रोज तपासलंत," तपासनीस म्हणाली, "पण शेवाळाच्या पोटात काय आहे हे कुणी पाहिलं नाही."

"बाईंना सांगू?"

"गुरुवारी. दोनदा बियाणं बदलून दोनदा त्यांची आशा मोडली आहे. आता पक्कं झाल्याशिवाय नको."

तिने दोन टब मागवले. दोन्हींत तलावाचं पाणी आणि सहाव्या हौदाचं पिवळट शेवाळ. एकात मूठभर राख टाकली, दुसऱ्यात काही नाही. खोलीला कुलूप लावून किल्ली गाळणीसाहेबांकडे दिली. "तुमचा शेवाळावर विश्वास नाही ना? मग राखण तुम्हीच करा." साहेबांनी किल्ली घेतली आणि माझ्या नऊ वर्षांत पहिल्यांदाच हसले.

खोलीबाहेर येताना आम्हाला हौदाकडे जाणारी आत्या दिसली. तपासनीस तिच्या पाठमोऱ्या चालीकडे पाहत राहिली.

"ती काय करायला जातेय?"

"कोट आणायला."

"म्हणजे जाताना टोपली रिकामी आणि येताना भरलेली. मग जाताना इतकी वाकून का चालतेय?"

नाही, नाही, मी स्वतःला म्हणालो. सगळं जग खोटं असेल, पण आत्या नाही.

६

आम्ही थेट धुलाईघरात जाऊन बसलो. आत्या कोटांनी भरलेली टोपली घेऊन आली, आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता ओल्या हातांनी समोर बसली.

"राख तुम्ही टाकता?" तपासनीसीने हळूच विचारलं.

"हो. रोज एका हौदाला. वरच्याला नाही, शिडी चढवत नाही. त्याचं वाईट वाटतं." ती लपवत नव्हती. आपण काही लपवण्यासारखं करतोय हेच तिच्या गावी नव्हतं. "कुणाला बोलले नाही, कारण बाई रागावतील. त्यांना त्याला उपाशीच ठेवायचं असतं."

"असं कुणी सांगितलं?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं.

आणि मला आठवलं. पाच आठवड्यांपूर्वी कॅन्टीनमध्ये, भरल्या तोंडाने मी म्हणालो होतो, 'आपल्या बाई एवढ्या प्रेमळ, पण त्या शेवाळाला उपाशी मारतात हो, बिचारं मरमर मरतंय आणि वर विष खातंय!' सगळे खदाखदा हसले होते. आत्या कोपऱ्यात जेवत होती.

"मला झोप आली नाही त्या दिवशी," आत्या म्हणाली. "आम्हाला उठवलं तेव्हा पाठ फिरवून सगळे गेले. परत यायचा रस्ता शोधायला एक बाई आली आणि एक हे शेवाळ आलं. आमच्या पाण्यातलं विष ते स्वतःच्या अंगावर घेतं, आणि त्याला कुणी घासभर काही देत नाही? आमच्या घरी झाडांना राखच घालायचे. म्हटलं, आपल्याकडे देण्यासारखं एवढंच आहे, तर तेवढं तरी द्यावं. आणि कसं टवटवीत झालं बघा ना."

तपासनीसीने चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग तिने आत्याला सगळं समजावून सांगितलं, सावकाश, एकेक पायरी. आत्याचा चेहरा हळूहळू पांढराफटक पडत गेला.

"म्हणजे मी..." ती पुटपुटली. "बाईंना काढतायत ते माझ्यामुळे?"

"माझ्यामुळे!" मी म्हणालो. "माझ्या या फाटक्या तोंडामुळे, आत्या. तू नको रडू." आणि मीच हमसून हमसून रडलो.

७

गुरुवारी समिती आली. तिघे जण, मध्ये अध्यक्ष, बगलेत फाईल. डॉक्टरबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. सगळ्या केंद्राला आत बोलावलं होतं, आत्या दाराशी उभी.

तपासनीसीने आधी सात वह्या पुढे केल्या. गाळणीसाहेब उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "हिचे आकडे खरे आहेत. मी सात वर्षं पडताळलेत. हे मी आधीच सांगायला हवं होतं." डॉक्टरबाई त्यांच्याकडे अशा बघत राहिल्या, जणू भिंतच बोलली.

मग दोन टब आले. सगळ्यांसमोर साहेबांनीच मोजलं. सुरुवातीला दोन्हींत शंभर भाग विष होतं असं धरलं, तर राखेच्या टबात अजून सत्त्याण्णव होतं. बिनराखेच्या टबात एकतीस.

"राख..." डॉक्टरबाई उठूनच उभ्या राहिल्या. "पोटॅश! अगं बाई, आणि मी बियाण्याला दोष देत बसले!" त्यांनी टबावर वाकून त्या पिवळट शेवाळाकडे असं पाहिलं, जसं ताप उतरलेल्या लेकराकडे बघतात. दशांश रडत होती. मी तर विचारूच नका.

अध्यक्षांनी फाईल मिटली. "ठीक. केंद्र चालू राहील. पण राख टाकली कुणी?"

"काय झालं ते शोधायला मला पाठवलं होतं. ते मी सांगितलं," तपासनीस म्हणाली.

"नाव हवं आहे."

"मी," दारातून आवाज आला. आत्या पुढे आली. "मी टाकली. मला वाटलं, त्याचे उपकार फेडावेत."

"आणि हिला भरीला मी घातलं!" मी ओरडलो. "काढायचं तर मला काढा."

अध्यक्ष वाईट माणूस नव्हता, पण नियमाचा होता. "पाच आठवड्यांचं काम वाया गेलं आहे. या बाईंना आजपासून हौदांच्या आवारात येता येणार नाही. नोकरीही राहणार नाही."

"त्या जाणार असतील तर मीही जाते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाईंचा आवाज मुळीच चढलेला नव्हता. "शेवाळ उपाशी आहे, हे इथे सगळ्यांना माहीत होतं. का उपाशी आहे, ते मी दोघांनाच सांगितलं होतं. कोट धुणारीला काय कळणार, गाडी चालवणाऱ्याला काय करायचंय, असं मी धरून चालले. ज्यांच्या घरासाठी हे सगळं चाललंय त्यांनाच मी सांगितलं नाही. ही चूक आत्यांची नाही. फाईलमध्ये लिहायचं तर माझं नाव लिहा."

"बाई," आत्या घाबरून म्हणाली, "माझ्यापायी तलाव सोडू नका. मला धुलाईघर नको, पगार नको. मला घरी जायचंय हो."

अध्यक्षांनी चष्म्यावरून आत्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. फाईल पुन्हा उघडली, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. "राख हौदापासून दूर ठेवा," एवढंच म्हणून ते उठले.

दुपारी सगळेच हौदावर उतरलो. बाळसं धरलेलं शेवाळ काढून टाकायचं होतं आणि पुन्हा सहाव्या हौदाचं बियाणं सोडायचं होतं. गाळणीसाहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, दशांश बादल्या मोजत, तपासनीस स्टुलावर बसून चुका काढत. आठ दिवसांनी आकडा पुन्हा उतरला, हे इथेच सांगून टाकतो. पण मला लक्षात राहिली ती दुपार.

आत्या आणि डॉक्टरबाई एकाच जाळीची दोन टोकं धरून शेवाळ ओढत होत्या. बाई तिला सगळं सांगत होत्या, कुठलं विष, किती उरलंय, किती जातंय. आत्या शाळेतल्या मुलीसारखी ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "मग मला घरी जायला किती दिवस लागतील?"

मी जीव मुठीत धरला. वाटलं, बाई काहीतरी गोड बोलतील, लवकरच म्हणतील. सव्वीस वर्षं सगळे तिला लवकरच म्हणत आले होते.

डॉक्टरबाईंनी जाळी थांबवली आणि मनातल्या मनात हिशोब केला. "पहिल्या ओळीतली घरं आधी उघडतील. पाणी असंच उतरत राहिलं तर तीन वर्षं. तीन वर्षं आणि हे पाच आठवडे."

मी म्हटलं, संपलं, आता ही खचणार.

"म्हणजे मी सत्तरीची असेन," ती म्हणाली. "चालेल." मग तिने डोळे पुसायला हात वर नेला, हातमोजा ओला होता म्हणून खांद्याला डोळे पुसले. "तुमचे फार उपकार आहेत, बाई. इतक्या वर्षांत मला कुणी आकडा सांगितला नव्हता."

डॉक्टरबाई तिचा हात धरून उभ्या राहिल्या. मी गाडी पुसायच्या निमित्ताने तिथून निघालो, आणि त्या दिवशी, माझ्या बायकोला विचारा हवं तर, मी संध्याकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोललो नाही.